तांबट आळीचे ठोके आणि रात्रीचे स्पीकर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्न होऊन मी १९८६ साली पुण्यात कसबा पेठेत आले. माहेर वाईचं. सासरी पहिल्या सकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात तांबट आळीतून ठोके सुरू झाले आणि हातातलं लाटणं सुटलं. सासूबाई म्हणाल्या, "नऊ वाजले समज." महिनाभरात ते आवाज मला ऐकू येईनासे झाले. थांबले की मात्र लगेच कळायचं. दुपारची जेवणाची सुटी, सणाची सुटी, कुणाकडे मयत झालेलं, सगळं त्या शांततेवरून समजायचं.

आमच्या वाड्याच्या जागी आता सात मजली इमारत आहे. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या सभेत शेजारच्या तांबटकामाविरुद्ध तक्रार अर्ज करायचं ठरलं. मी सही केली नाही.

पेशवाईत वसलेल्या या आळीत आजही तांब्याचा पत्रा हाताने ठोकून घंगाळं, हंडे, बंब घडतात. भट्टीतून काढलेला पत्रा मऊ असतो, तेव्हा ठोका बद्द येतो. ठोकत जावं तसा पत्रा कडक होतो आणि आवाज खणखणीत होत जातो. मग पुन्हा भट्टी. शेवटी मठारकाम, म्हणजे ओळीने एकसारखे ठोके देऊन अंगभर ठिपके उठवायचे. ते सुरू झालं की लय इतकी सारखी पडते की आमच्या धाकट्याने त्यावर पाढे पाठ केले होते.

हा आवाज मोठा आहे, हे मी नाकारत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि मीटर लावलं तर ठोका तिच्यावर जाईल. त्याची खरी किंमत कारागीरच मोजतात. समोरचे काका कानात कापसाचे बोळे घालून बसतात, तरी त्यांच्याशी खूप मोठ्याने बोलावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचं तान्हं बाळ दुपारी दचकतं, तेही खरं. पण त्या स्वतः खाली जाऊन बोलल्या, तर दुपारी दोन ते चार मठारकाम करायचं नाही असं काकांनी लगेच कबूल केलं. अर्ज लागला नाही.

असं रात्रीच्या आवाजांच्या बाबतीत कुणाशी बोलावं? आमच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना धून वाजते, ती चार भिंतींत घुमून रात्री साडेबाराला वरपर्यंत येते. सभेत त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. आणि मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद हवेत. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. माझ्या सासऱ्यांचं हृदयाचं दुखणं असताना विसर्जनाच्या रात्री काचेची तावदानं थरथरत होती आणि मी त्यांचा हात धरून बसले होते. ढोल-ताशाबद्दल मी हे म्हणत नाही. कसबा गणपती मानाचा पहिला, त्याची मिरवणूक निघाली की आजही मी ओवाळणीचं ताट घेऊन धावत खाली जाते.

नवीन राहायला आलेल्यांवर माझा राग नाही. घर विकताना बिल्डरने त्यांना शेजारी काय चालतं ते सांगायला हवं होतं. पण दिवसा पोटासाठी चालणारं, सांगितलं तर थांबणारं काम आणि रात्री कुणाचंच न ऐकणारा स्पीकर, यांना एकाच तक्रार अर्जात बसवू नये. पोलिसांनी आणि महापालिकेने आमच्या आळीत मीटर घेऊन जरूर यावं. एकदा सकाळी अकराला यावं, आणि एकदा रात्री अकरालाही.

आपली,
एक वाचक, कसबा पेठ, पुणे