ट्रायलची नोंद जॉब कार्डवर हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी दिवसभरात कोणाकोणाच्या हातातून जाते, हे बहुतेक मालक विचारत नाहीत आणि गॅरेजवाले आपणहून सांगत नाहीत. संध्याकाळी किलोमीटरचे रीडिंग वाढलेले दिसते, पेट्रोलचा काटा खाली आलेला असतो किंवा आठवड्याने ई-चलन येते, आणि मग भांडण सुरू होते. मोटार दुरुस्तीच्या कामात असलेल्या आम्हा काही जणांचे म्हणणे एवढेच आहे, की ट्रायल, म्हणजे दुरुस्तीसाठी गाडी चालवून पाहणे, हे कामच आहे, म्हणून ते इतर कामांसारखे जॉब कार्डवर, म्हणजे कामांची नोंद असलेल्या गॅरेजच्या कागदावर, लिहिले जावे. गाडी कोण चालवणार, त्याचा परवाना आहे का, कशाची तपासणी करायची आहे, जातानाचे रीडिंग किती, आल्यावरचे किती. आज अनेक ठिकाणी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात ‘वाहन रस्त्यावर चालवून पाहण्यास संमती आहे’ अशा अर्थाची एक ओळ असते. मालक न वाचता सही करतो आणि विषय तिथेच संपतो.

ट्रायल न मारता गाडी ताब्यात देणारा मेकॅनिक अधिक विश्वासाचा, असे मात्र कोणी समजू नये. कोणत्या कामाला ट्रायल लागते आणि कोणत्या कामाला लागत नाही, हे मालकाला ठाऊक असले की निम्मे प्रश्न सुटतात. फक्त ऑइल आणि फिल्टर बदलले असतील तर गाडी रस्त्यावर नेण्याचे कारण नाही. इंजिन जागेवर चार-पाच मिनिटे चालवावे, बंद करून थोडे थांबावे, डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहावे आणि खाली वाकून ड्रेन प्लग व फिल्टरभोवती ओल नाही ना, हे तपासावे. एसी, दिवे, वायपर, बॅटरीचे चार्जिंग हे सगळे उभ्या गाडीत कळते. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, क्लच किंवा गिअरबॉक्सला हात लागला असेल, तर ट्रायल मारलीच पाहिजे.

तिचे अंतरही कामाप्रमाणे ठरते. सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा बुश गेल्याचा आवाज ताशी २०-३० किलोमीटरच्या वेगाला खराब रस्त्यावर आणि गतिरोधकावर ऐकू येतो. गॅरेजभोवतीचा एक-दीड किलोमीटरचा फेरा त्याला पुरतो. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते का, हे ४०-५० च्या वेगाला सरळ, मोकळ्या रस्त्यावर समजते. क्लच घसरत असेल तर वरच्या गिअरमध्ये हळू जाताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. हे पाचशे मीटरमध्ये कळते. इंजिन थंड असतानाच येणारा आवाज असेल, तर दुपारी कितीही ट्रायल मारून उपयोग नाही. गाडी रात्रभर ठेवून सकाळी पहिल्या स्टार्टलाच तो ऐकावा लागतो. चाकांच्या बॅलन्सिंगमधला दोष ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंगला थरथर आणतो, आणि खरी अडचण इथे आहे. शहरात त्या वेगाचा सुरक्षित रस्ता मिळत नाही. मग एक तर गाडी दूर महामार्गावर नेली जाते, नाहीतर वस्तीतल्या रस्त्यावर तो वेग गाठला जातो. दोन्ही मालकाला न सांगता होते. अशा तक्रारीत आधी चारही चाके मशीनवर तपासावीत, रिम वाकली आहे का पाहावे, आणि नंतर महामार्गावर मालकाने स्वतः गाडी चालवावी, शेजारी मेकॅनिक बसावा. थरथर स्टिअरिंगला जाणवते की सीटला, हे मेकॅनिकला शेजारी बसूनही कळते. स्टिअरिंगला असेल तर बहुधा पुढची चाके, सीटला असेल तर मागची.

ट्रायलमधल्या अपघातांसाठी लोक वेगाला दोष देतात. वेग कारण असतोच, पण आमच्या मते सर्वांत धोक्याचे पहिले शंभर मीटर. ब्रेक पॅड बदलताना कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे ढकलावा लागतो, तरच नवे जाड पॅड आत बसतात. चाक चढवल्यावर पॅड आणि डिस्कमध्ये फट राहिलेली असते. त्या स्थितीत ब्रेक पेडल पहिल्यांदा दाबले की ते थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून गाडी हलवण्याआधी जागेवरच पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचे असते आणि टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी पाहायची असते. घाईत हे राहून जाते, रिव्हर्स टाकून गाडी बाहेर काढली जाते आणि मागे उभी असलेली दुसऱ्या ग्राहकाची गाडी ठोकली जाते. ब्रेक ऑइल बदलताना लाइनमध्ये हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे दबते. अशी गाडी ट्रायललाही बाहेर नेऊ नये, पुन्हा हवा काढावी.

ऑइल फिल्टरचेही असेच. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक येतात, इंजिनाचा जोर वाढताच त्या सरकतात आणि ऑइल फवाऱ्यासारखे बाहेर पडते. लहान पेट्रोल गाडीत ऑइल असते तीन ते चार लिटर. ते रिकामे व्हायला वेळ लागत नाही. ऑइलचा लाल दिवा लागला आणि तरीही ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ म्हणून गाडी चालवली, तर बेअरिंग जाते आणि सर्व्हिसिंगच्या बिलाच्या कित्येक पट खर्चाचे काम उभे राहते.

व्हील नट नुसते एअर गनने मारून सोडले जातात. ते शेवटी टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे असतात. बहुतेक प्रवासी गाड्यांत हे माप साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. चाके काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत. वॉशिंगनंतर ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅट हुकात न अडकवता टाकले तर ते पुढे सरकून ॲक्सिलरेटरखाली किंवा ब्रेकच्या आड येते. कागदाचे संरक्षक मॅटही पायाखाली घसरते. शिवाय नुकत्याच धुतलेल्या गाडीचे ब्रेक ओले असतात, पहिल्या एक-दोन दाबांना ते कमी लागतात. बॉनेट अर्धवट लागलेले असेल तर वेगात ते काचेवर उलटू शकते. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती गाडी गेटबाहेर पडण्याआधी, आवारातच पायी चालण्याच्या वेगाने ब्रेक लावून पुरी करायची असते.

आता गाडी चालवतो कोण? मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी आणायला-पोहोचवायला येणारा ड्रायव्हर अनेकदा कंत्राटी असतो. रॅम्पवर चढवणारा वेगळा, वॉशिंगला नेणारा वेगळा. लहान गॅरेजमध्ये हे काम मदतनीस पोरगा करतो, आणि तो अठराचा झालेला नसतो, अशीही गॅरेजे आहेत. मोटार वाहन कायद्यात याला माफी नाही. परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकाला किंवा ती ताब्यात असणाऱ्याला कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ लागते : पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. जॉब कार्डवर ट्रायल घेणाऱ्याचे नाव आणि परवाना तपासल्याची खूण असेल, तर तो कागद तिथे उपयोगी पडतो.

विम्याबाबत गैरसमज फार आहेत. ट्रायलमध्ये रस्त्यावरचा कोणी जखमी झाला, तर मालकाच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळते का? गोव्यातून आलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये याचे उत्तर दिले आहे : गाडी दुरुस्तीला देणे म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला तिचा वापर करू देणे, त्यामुळे विमा कंपनी तिसऱ्या व्यक्तीची भरपाई टाळू शकत नाही. जखमी माणसाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. खासगी मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत गाडीच्या वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. त्यात भाड्याने देणे, शर्यत आणि वेगचाचणी यांच्याबरोबर मोटार व्यवसायासाठीचा वापरही वगळलेला असतो. त्यावर बोट ठेवून वाद होऊ शकतो. दावा मंजूर झाला तरी तुमचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो वर्षानुवर्षे जमवत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो. गॅरेजच्या चुकीसाठी तो गमावण्याचे कारण नाही. गॅरेजवाल्यांसाठी मोटार ट्रेड पॉलिसी नावाचा वेगळा विमा असतो, रस्त्यावरच्या जोखमीसाठी एक आणि आवारातल्या जोखमीसाठी दुसरा. तो आहे का, हे गाडी देतानाच विचारावे.

‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटी बहुतेक गॅरेजांत दिसते. तिला वाटते तेवढे बळ नाही. १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या वस्तूबद्दल स्पष्ट कलमे आहेत. ताब्यात घेणाऱ्याने स्वतःच्या वस्तूची शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घ्यायची. आणि ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला तर काळजी घेऊनही झालेले नुकसान त्यालाच भरून द्यावे लागते. कायद्यातले उदाहरण घोड्याचे आहे : फक्त स्वतः बसण्यासाठी घेतलेल्या घोड्यावर घरातल्या दुसऱ्याला बसू दिले, त्याने घोडा नीट चालवला, तरीही घोडा पडून जखमी झाला तर भरपाई द्यायची. ट्रायलच्या नावाखाली गाडी घेऊन जेवायला जाणाऱ्याला हेच लागू होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून (जिथे किल्ली घेऊन हॉटेलचा माणूस गाडी लावतो) चोरीला गेलेल्या मारुती झेनच्या प्रकरणात सांगितले, की आपण निष्काळजी नव्हतो हे हॉटेलने आधी दाखवले पाहिजे. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या ओळीने त्यातून सुटका होत नाही. कायदा दुसऱ्या बाजूचाही विचार करतो. केलेल्या दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क याच करार कायद्याच्या कलम १७० ने मेकॅनिकला दिला आहे. म्हणून वादाच्या वेळी गाडी ओढून नेण्यापेक्षा बिलावर ‘हरकत नोंदवून पैसे दिले’ असे लिहून पैसे द्यावेत.

गाडी देताना रीडिंग आणि काटा एकाच फोटोत घ्यावा. चारही बाजूंचे, रिमचे आणि स्टेपनीचे फोटो घ्यावेत. नोंदणी प्रमाणपत्र आणि विम्याची मूळ प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नये. डिजिलॉकरमधली प्रत कायद्याने चालते. म्युझिक सिस्टिममध्ये उतरलेले फोनमधले संपर्क आणि ‘घर’ म्हणून साठवलेला पत्ता पुसावा. डॅशकॅम असेल तर चालू ठेवावा आणि तो चालू आहे हे सांगून ठेवावे. लपवून पाळत ठेवणे आम्हाला पटत नाही. गाडीच्या ॲपमध्ये वेगाची आणि हद्दीची सूचना लावता येत असेल तर लावावी. बॅटरी काढली तर ही सूचना काही वेळ बंद पडते, हे लक्षात ठेवून लगेच आरोप करू नयेत. फास्टॅगचा एसएमएस आणि त्या तारखेचे ई-चलन पाहावे.

परत घेताना आवारातल्या हालचालीसाठी एखादा किलोमीटर, साध्या ट्रायलचे तीन ते पाच, आवाजाच्या तक्रारीसाठी आठ-दहा किलोमीटर, ही वाढ रास्त समजावी. त्याहून जास्त असेल तर कारण कार्डवर हवे. ते नसेल तर विचारण्यात संकोच कसला? आणि कारण लिहिलेले असेल, तर मेकॅनिकवर चोरीचा संशय घेऊन त्याचा पाणउतारा करणेही थांबले पाहिजे. रोज दुसऱ्यांच्या गाड्यांचे ब्रेक स्वतःच्या जिवावर तपासणारा हा माणूस आहे.

परिवहन विभागाने आणि वितरकांच्या संघटनांनी जॉब कार्डवर ट्रायलसाठी चार रकाने छापणे बंधनकारक करावे : चालकाचे नाव, कारण, जातानाचे रीडिंग, आल्यावरचे रीडिंग. लहान गॅरेजला यासाठी वहीचे एक पान पुरते. तोपर्यंत मालकांनी हे हाताने लिहून सही घ्यावी. नुकसान झाले आणि गॅरेज ऐकत नसेल, तर आधी लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.

आपले,
मोटार दुरुस्ती व्यवसायातील काही जण, पुणे