चिऊ, आधी हात दाखवून घे

प्रिय चिऊ,

काल फोनवर बोलता बोलता तू सहज म्हणालीस की डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट बधिर होतंय, आणि लगेच रिहर्सलचं सांगायला लागलीस. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही बेटा.

सकाळीच धंतोलीत जाऊन आलो, दादाचा हात बसवला होता त्याच डॉक्टरांकडे. ते म्हणाले कोपराच्या मागून एक नस जाते, कोपर खूप वेळ वाकलेलं राहिलं की ती दबते आणि नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. चेलो म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, त्यावर डावा हात कसा असतो ते मी त्यांना करून दाखवलं. नस नीट काम करते का ते बघायला नर्व्ह कंडक्शन टेस्ट करा म्हणाले, लवकर कळलं तर पुष्कळांना आरामानंच फरक पडतो. म्हणून म्हणतो, हात दाखवून घे.

त्या चेलोवादक जॅकलिन द्यू प्रेची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. बोटांना स्पर्श कळेनासा झाला, १९७३ मध्ये एमएस हा मज्जासंस्थेचा आजार निघाला, वय फक्त २८, मग वाजवणं संपलं आणि ती शिकवत राहिली. तुझं तसं काही नाही हे मला कळतं गं, पण रात्री दोन वाजता कळत नाही.

आणि प्रत्येक मुलाला किती वेळा वाजवून दाखवतेस? तोंडानं सांग की थोडं, सकाळी तुझा रियाज, दुपारभर मुलं, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा, हाताला सुट्टी कधी? बरं, लेक्चर झालं, सॉरी. पण त्या छोट्या पोराचा बाखची रचना वाजवतानाचा व्हिडिओ पाठवलास ना, त्याचं गज धरलेल्या हाताचं मनगट अगदी तुझ्यासारखं सैल आहे, फुटाळ्याच्या माझ्या वॉकिंग ग्रुपमध्ये सगळ्यांना दाखवला.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की चेलोचा जोड सुटेल म्हणून तू साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज आत घालायचीस, केसमध्ये ठेवायचीस, रात्री उठून परत भिजवायचीस. आजी म्हणायची पोरगी लाकडाला पाणी पाजते अन् स्वतः पीत नाही. वाद्याची एवढी काळजी, मग हाताची काहून नाही?

चेलोवादक कासाल्सला बाखच्या चेलो-रचनांचे ते संच, सूट, १८९० मध्ये बार्सिलोनाच्या दुकानात सापडले तेव्हा तो १३ वर्षांचा होता, आणि लोकांसमोर वाजवायच्या आधी त्यानं बारा वर्षं घेतली म्हणतात. तुझी एक कॉन्सर्ट हुकली तर काय होतं? होतं, मला माहीत आहे, किती खपलीस तू तिच्यासाठी. तरी हात दाखव.

अपॉइंटमेंट मिळाली की टाइम व्हॉट्सअ‍ॅप कर, मी दुरांतोनं येतो. रिपोर्ट येईपर्यंत लोकलमध्ये चेलो पाठीवर टाकून हिंडू नको, टॅक्सी कर, खात्यात पैसे टाकलेत.

बाबा