तो जग्वार नाही, बिबट्या आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्राझीलच्या पांतानाल या प्रचंड पाणथळ प्रदेशावर अख्खं पान आलं ते बघून आधी खूप आनंद झाला, कारण या जागेबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नव्हतं. पण वरचा मोठा फोटो बघितला आणि हातातला चहा तसाच राहिला. फोटोखाली जग्वार असं छापलंय आणि फोटोत चक्क बिबट्या आहे! अंगावरच्या ठिपक्यांच्या फुलांकडे नीट बघा, जग्वारच्या फुलाच्या आत परत एकदोन बारके ठिपके असतात, बिबट्याचं फूल आतून रिकामं असतं, शिवाय जग्वारचं डोकं थोराड आणि पाय आखूड, एकूण पैलवानी काम. बिबट्या बघायला एवढ्या लांब कशाला जायचं हो, तो बोरिवलीत आहे, जुन्नरच्या उसात आहे. ब्राझीलच्या जंगलात मात्र एकही नाही.

फोटोची चूक होते, समजू शकते. पण मला जास्त खटकलं ते त्याच्या वरचं शीर्षक, "हमखास जग्वार दर्शन", आणि शेजारच्या चौकटीतला पॅकेजचा आकडा. तो वाचून कोणालाही वाटेल की हे फक्त दोन हात लांब लेन्सवाल्यांचं काम आहे. तसं नाहीये, म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापाकापी करायची तर वरचा भाग कापा पण शेवटचा परिच्छेद ठेवा ही विनंती.

मी डोंबिवलीला राहते, बँकेत नोकरी करते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी आणि माझी मावसबहीण पाठीवर सॅक टाकून पांतानालला जाऊन आलो, इथून कुठलीही टूर न घेता. आईचं माहेर सांगलीकडचं, तिला सांगितलं तर म्हणाली, मगरी बघायला ब्राझील? औदुंबरला घाटावर गपचूप बसलीस तरी कृष्णेत दिसतील. तिचं चुकत नव्हतं, पण तिकिटं काढून झाली होती.

तुमच्या लेखात एक गोष्ट आलीच नाही ती म्हणजे पांतानालला दोन दारं आहेत. एक उत्तरेचं, कुयाबा शहरातून पोकोने आणि तिथून ट्रान्सपांतानेरा नावाचा जवळपास १४५ किलोमीटरचा मातीचा रस्ता, शंभराच्या वर पूल असलेला, जो दक्षिणेकडच्या कोरुंबा शहरापर्यंत न्यायचा बेत होता पण पोर्टो जोफ्रेला नदीकाठी येऊन संपला तो संपलाच. लेखातलं पॅकेज याच बाजूचं, जग्वार बघायचे तर जगभरातून लोक इथेच येतात आणि बोटींचे भाव डॉलरात असतात. दुसरं दार दक्षिणेचं, कांपो ग्रांदे शहरातून. पाठीवर सॅक घेऊन फिरणारी पोरं जास्त करून इकडून जातात, ३-४ दिवसांची ट्रिप, त्यात झोपायला डॉर्मिटरीत पलंग किंवा झोळी, जेवण, बोट, घोडा, चालणं सगळं धरून. आम्हाला उत्तरेच्या बोटीचा जो भाव सांगितला होता त्याच्या दीड दिवसाच्या पैशात आमचे दक्षिणेतले तीन दिवस निघाले.

साओ पावलोहून रात्रभर बसने कांपो ग्रांदे, तिथून परत कोरुंबाच्या हायवेवर चारपाच तास. आणि एक खरं सांगते, मी आयुष्यात पहिला मोठा मुंगीखाऊ बघितला तो याच हायवेच्या कडेला, मेलेला. झाडूसारखं शेपूट वाऱ्यावर हलत होतं म्हणून आधी वाटलं जिवंत आहे. पुढे अजून एक, मग एक कापिबारा, म्हणजे डुकराएवढा उंदरांच्या जातीतला प्राणी, मग मी खिडकीतून बघायचं सोडून दिलं. ट्रकांचा रस्ता आहे आणि रात्री ही जनावरं रस्ता ओलांडतात. ज्या वळणावर आम्हाला उतरवलं त्याचं नाव बुराको दास पिरान्यास, म्हणजे पिरान्हा माशांचं भोक. तिथून उघड्या ट्रकच्या मागे बाकड्यांवर बसून धुरळा खात मिरांदा नदीच्या पुलापलीकडे.

पांतानाल म्हणजे जंगल नव्हे हे तिथे उतरल्यावर कळतं. मोकळी माळरानं, मधे पाणी, मधे उंचवट्यावर झाडांचं बेट, आणि सगळीकडे गुरं. नव्वद टक्क्यांच्या वर जमीन खाजगी आहे, दोनशे वर्षांपासूनचे गुरांचे मळे, आणि आम्ही राहिलो तोही एक मळाच. जगातली सगळ्यात मोठी उष्ण प्रदेशातली पाणथळ, दीड लाख चौरस किलोमीटरच्या पुढे, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राएवढी धरा, थोडी बोलिव्हियात आणि पॅराग्वेत पण शिरलेली. गंमत म्हणजे पाऊस पडतो नोव्हेंबर ते मार्च, पण जमिनीला उतारच इतका कमी, किलोमीटरला काही सेंटिमीटर, की उत्तरेचं पाणी रमतगमत दक्षिणेला पोचायला ३-४ महिने घेतं, त्यामुळे कोरुंबाला पूर येतो तो आभाळ निरभ्र असताना. ऑगस्टमध्ये हे पाणी ओसरायला लागतं आणि उरलेल्या डबक्यांत सगळे गोळा होतात. एका डबक्यात केमन, म्हणजे तिकडच्या मगरी, एकमेकींच्या अंगावर मान टाकून पडलेल्या, आमच्या स्टेशनवर सकाळी ८ ची फास्ट रद्द झाल्यावर प्लॅटफॉर्म दिसतो ना अगदी तसं. आणि त्यांच्यामधून तुयुयू, लाल गळ्याचा माणसाच्या खांद्याएवढा करकोचा, पाय उचलून उचलून चाललेला, जसं काही कोणी बसलेलंच नाहीये.

निळे पोपट बघितले, हायसिंथ मकाव, तिकडे त्यांना आरारा आझुल म्हणतात. चोचीच्या टोकापासून शेपटापर्यंत मीटरभर. हे पक्षी तिथे जवळजवळ सगळी घरटी मांदुवी नावाच्या एकाच झाडाच्या ढोलीत करतात, आणि ते झाड साठेक वर्षांचं झाल्याशिवाय त्याला एवढी ढोली पडत नाही. त्यातून मांदुवीच्या बिया लांब नेऊन टाकतो तो टुकान पक्षी, आणि मकावची अंडी खातो तो पण टुकानच. म्हणजे घर पण तोच देणार आणि घरफोडी पण तोच करणार! नेइवा गेदेस नावाच्या बाईंनी १९९० पासून या पोपटांवर काम केलंय, लाकडी पेट्या बांधल्या, ढोल्या दुरुस्त केल्या, म्हणून ते आज दिसतात. तुमच्या लेखात यांचं नाव हवं होतं असं मला वाटतं, जग्वारपेक्षा ही गोष्ट भारी आहे.

जेवणाचं पण सांगते कारण आपल्या लोकांना पहिली काळजी तीच. भात आणि फेजाँव, म्हणजे घेवड्याची दाट उसळच, फक्त त्यात डुकराचं मांस टाकलंय का ते विचारून घ्यायचं. वर भुरभुरायला फारोफा, म्हणजे मांदिओकाचं भाजलेलं पीठ. मांदिओका म्हणजे आपल्या उपासाच्या साबुदाण्याचा कंद, मूळचा याच खंडातला! दुपारी मळ्यावरचे गुराखी गोलात बसून तेरेरे पितात, गाईच्या शिंगाच्या पेल्यात पाला, त्यावर गार पाणी, एकच धातूची नळी सगळ्यांना. मला पेला दिला, मी दोन घोट घेऊन चांगलं शिकवल्याप्रमाणे ओब्रिगादा म्हटलं, धन्यवाद. नंतर तीन फेऱ्या झाल्या, माझ्याकडे पेला फिरकलाच नाही. बहिणीने विचारल्यावर कळलं की तिथे धन्यवाद म्हणजे आता बास, मला नको.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपमधले दोघं जेवताना कुरकुरले, दोन दिवस झाले जग्वार कुठाय, पैसे कशाचे घेतले. गाईड विशीतला पोरगा, काही बोलला नाही. रात्री बोटीतून टॉर्च घेऊन गेलो, टॉर्च फिरवला की केमनचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात, शेकड्याने. त्याने बोट काठाला नेली, वाकला, आणि पाण्यातून एक हातभर लांबीचं पिल्लू मानेला धरून वर काढलं. सगळे खूश. बोटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पिल्लू फिरलं, फ्लॅश मारून झाले, आणि कबूल करते, मी पण धरलं. पोट ओलं, थंड, मऊ, गळ्याखाली काहीतरी धडधडत होतं, आणि ते बारीक आवाजात ओरडायला लागलं, बेडूक आणि मांजराचं पिल्लू यांच्या मधला काहीतरी आवाज. तसा काठावरच्या डोळ्यांतला एक मोठा जोड आमच्याकडे सरकायला लागला. बहीण म्हणाली, ताई, सोड ते. मी गाईडकडे दिलं, त्याने पाण्यात सोडलं, आणि परत येताना त्याला सगळ्यांत जास्त टीप त्याच कुरकुर करणाऱ्या दोघांनी दिली.

त्या पोराला मी दोष देणार नाही. त्याला कळलंय की गिऱ्हाइकाला काहीतरी हातात द्यावं लागतं. आणि तुमच्या पुरवणीत 'हमखास' छापून आलं की इथून जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक तोच हिशेब घेऊन जाणार. पर्यटनाने जग्वार वाचलाय हे पण खरंय, उगाच एकतर्फी बोलायचं नाही. गुरं मारतो म्हणून मळेवाले त्याला गोळी घालायचे, आणि २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात पोर्टो जोफ्रेच्या भागात जग्वार पर्यटनाचं वर्षाचं उत्पन्न ६८ लाख डॉलर निघालं, त्यापुढे गुरांचं नुकसान सव्वा लाख डॉलरच्याही आत. पण दिसलाच पाहिजे असा हट्ट धरला की मग कोणीतरी आमिष टाकायला लागतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये दक्षिण पांतानालमध्ये जग्वारने एका मासेमारी तळाच्या राखणदाराला मारलं, तेव्हा तिथे जनावरांना खायला टाकत होते का हाच प्रश्न सगळ्यांत आधी आला.

लांबचं कशाला, आपलं भिगवण घ्या. जानेवारीत उजनीच्या फुगवट्यावर गेले होते, फ्लेमिंगो पाण्यात माना घालून शांत खात होते, शेजारच्या बोटीतून एक काका ओरडले, दादा जरा उडवा ना, पंखाखालचा गुलाबी रंग आला पाहिजे. बोटवाल्या दादाने वल्हं आपटलं. पाचशेचे पाचशे उठले. काकांचा फोटो छान आला असणार.

आणि हो, लेखात आगीबद्दल एक ओळ नाही. २०२० मध्ये पांतानालचा पाव भागाहून जास्त जळला, पाठीचा कणा असलेले १ कोटी ७० लाखांच्या आसपास प्राणी त्यात गेले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पाऊस कमी झाला, वरच्या पठारावर शेतीसाठी रान साफ झालं, आणि गवत पेटवून द्यायची पद्धत आहेच. कोरुंबाजवळ लादारियोला १९०० पासून पॅराग्वे नदीची पातळी मोजतात, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती आजवरच्या नोंदीतली सगळ्यात खाली गेली. आमच्या मळ्याच्या मागच्या अंगाला काळे बुंधे उभे होते, एकाच्या टोकाला पोपटांची जोडी बसलेली, आणि गाईड म्हणाला की हे मांदुवी होतं.

जग्वार दिसला का, असं ऑफिसमध्ये सगळ्यांनी विचारलं. नाही. चिखलात पंजा दिसला, माझ्या पसरलेल्या तळहाताएवढा, त्यात पाणी साचत होतं.

आता चौकटीतली माहिती, जी कृपया छापाच. ब्राझीलला जायचं तर पिवळ्या तापाची म्हणजे यलो फीव्हरची लस घ्यावी लागते, आणि ती सरकारने ठरवलेल्या ठराविक केंद्रांवरच मिळते, गल्लीतल्या डॉक्टरकडे नाही. घेतल्यानंतर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, एकदा घेतली की आता जन्मभर चालते. सर्टिफिकेटचं ते पिवळं पुस्तक परत येताना मुंबईच्या विमानतळावर बघतात, नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी लस घ्यायच्या आधी डॉक्टरला विचारायलाच हवं. व्हिसा लागतो. ऑगस्टमध्ये दुपारी ऊन भाजतं पण मधेच दक्षिणेकडून गार वारं येतं तेव्हा रात्री १० अंशांपर्यंत उतरतं, आम्ही झोळीत होते नव्हते ते सगळे कपडे घालून झोपलो, तेव्हा एक स्वेटर ठेवा. आणि फोटोची दुरुस्ती छापणार असाल तर प्लीज पहिल्या पानावरच्या कोपऱ्यात नको, पुरवणीतच छापा, तेवढ्याच आकारात, खरा जग्वार लावून.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)