३१ आणि १ तारखेला पार्किंग एकाच बाजूला, विसरू नका!

नमस्कार मंडळी, पेठेतल्या सगळ्या दुकानदार सभासदांसाठी. आपल्या रस्त्यावर पी-१ पी-२ पार्किंग आहे हे सगळ्यांना पाठ आहे, विषम तारखेला गाड्या पी-१ पाटीच्या बाजूला आणि समला समोरच्या पी-२च्या, पण ३१ नंतर १ येते आणि दोन्ही विषम, म्हणजे बाजू बदलतच नाही, आणि लोक सवयीने गाडी पलीकडे लावतात. मागच्या वेळी माझ्याच दुकानात एक काकू ब्लाउजपीस मॅच करत होत्या, बाहेर टोइंगवाल्यांचा भोंगा वाजला तशा कापड काउंटरवर टाकून पळाल्या, त्या परत काही आल्या नाहीत. ५०० दंड, वर टोइंगचा चार्ज वेगळा, आणि खरेदी होती १२० रुपयांची! कोण कशाला येईल परत.

तर दोन्ही दिवस दाराशी खडूने 'आज पी-१' असं मोठं लिहा आणि गिऱ्हाईक आत आलं की आधी गाडी कुठे लावलीय ते विचारा. चारचाकीवाल्यांना सरळ मंडईजवळच्या बाबू गेनू वाहनतळावर पाठवा, चालायला लागतं थोडं, पण गाडी जागेवर राहते.

आणि राग मानू नका, पण सकाळी दहापासून रात्रीपर्यंत दुकानासमोर उभ्या असलेल्या निम्म्या टूव्हीलर आपल्या आणि आपल्या पोरांच्याच असतात. त्या मागच्या बोळात लावा. मालाचा टेम्पोही दुकान उघडायच्या आधीच खाली करून घ्या प्लीज.