थाप, दगा आणि दिशाभूल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू दोन गोष्टी सांगितल्यास. ‘बरं वाटत नाही’ म्हणून मैत्रिणीने तुला टाळलं आणि ती दुसऱ्यांबरोबर फिरायला गेली, त्याला तू म्हणालीस दगा. सहकाऱ्याने तुझ्या अहवालावर स्वतःचं नाव घातलं, त्याला म्हणालीस, ‘जरा लबाडी केली.’ मला हे उलटं वाटलं. राग भलत्याच माणसावर निघतोय.

मैत्रिणीने मारली ती थाप. तुला तोंडावर नाही म्हणायचा धीर झाला नसेल तिला. दगा व्हायला आधी विश्वासाने काहीतरी सोपवलेलं लागतं. सहकाऱ्याकडे तू मसुदा भरवशाने वाचायला दिला होतास, म्हणून त्याने केला तो विश्वासघात. लबाडी म्हटलं की चारजण हसून सोडून देतात, आणि त्याला तेच हवं असणार.

जाब विचारलास तर बहुधा म्हणेल, ‘आम्ही मिळूनच केलं की!’ एखादा तक्ता त्याने तपासलाही असेल, म्हणजे वाक्य अगदीच खोटं नाही. ही दिशाभूल. मला ती धडधडीत खोट्याहून वाईट वाटते, कारण पकडायला गेलं की हातातून निसटते. धर्मराजाचं ‘नरो वा कुंजरो वा’ आठव. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. पण द्रोणाचार्यांनी ऐकलं ते मुलाचं मरण, आणि शस्त्र खाली ठेवलं. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ तेव्हा खाली टेकला, असं महाभारत सांगतं. ऐकणाऱ्याने काय समजावं म्हणून माणूस बोलला, ते बघायचं.

तो कांगावाही करेल, ‘माझ्यावर आळ घेते’ म्हणून. घाबरू नकोस. फक्त रागाच्या भरात त्याला चारसोबीस म्हणू नकोस. तो शब्द १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या फसवणुकीच्या ४२० व्या कलमावरून आला. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते ३१८ व्या कलमात गेलं, तरी लोकांच्या तोंडी जुनाच आकडा आहे. तो गुन्ह्याचा आरोप होतो, आणि मग चर्चा अहवालाची न होता तुझ्या जिभेची होते. वरिष्ठांना लिहिताना विशेषण एकही नको. मसुदा त्याला कोणत्या तारखेला दिलास, त्यावर नाव कुणाचं होतं, सादर झाला तेव्हा कुणाचं होतं, एवढंच लिही आणि मसुदा सोबत जोड.

मैत्रिणीला मात्र आजच फोन कर. नाही म्हणाली असती तरी तुला चाललं असतं, हे तिला कळू दे.

तुझी,
आई