तुझ्या विहिरीला अंगठा का दिला नाही

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपारचे तीन

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार वगैरे म्हणण्याइतके आपण सभ्य कधीच नव्हतो, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. परवा फोनवर तू म्हणालास, "विहिरीच्या फोटोला एकशे बारा लाईक आले. शाळेतले झाडून सगळे आले, एक तू सोडून." मी हसून वेळ मारून नेली. तू हसला नव्हतास, हे फोन ठेवल्यावर डोक्यात शिरलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "एक बटण दाबायला काय धाड भरली होती?" काय धाड भरली होती ते आता सविस्तर लिहितो. फोनवर तू मधेच तोडलं असतंस.

गोष्ट आमच्या गच्चीची आहे. गेल्या वर्षी पावसाआधी वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं होतं. सेक्रेटरी मीच, रिटायर माणूस दिसला की सोसायटीला दुसरं कोणी सुचत नाही. सभा बोलवायची तर नोटीस, कोरम, पार्किंगमध्ये खुर्च्या, चहा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं २००५ च्या २६ जुलैपासून सुरू होणारं भाषण. म्हटलं, ग्रुपवरच उरकू. लिहिलं, "प्रत्येक फ्लॅटमागे १८,५०० रुपये. कोटेशन सोबत आहे. संमती असल्यास कळवावे." संध्याकाळपर्यंत ३२ फ्लॅटांतून २३ अंगठे. मी खूश. बँकेत जन्म गेला सह्या ताडून बघण्यात, पण त्या संध्याकाळी एकही ताडून बघावीशी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला पन्नास हजार आगाऊ देऊन मोकळा झालो.

महिनाअखेरीस चेक आले नऊ.

मग वही घेऊन दारोदार फिरलो. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अरे, वाचलं म्हणून केला मी. नाहीतर तू तेच तेच परत पाठवत बसतोस." दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, त्यांचा अंगठा वरच्या मेसेजला होता, पाण्याच्या टँकरच्या, चुकून खाली पडला. एक तरुण मुलगा दार अर्धंच उघडून म्हणाला, "काका, मी भाडेकरू आहे. तुम्ही एवढं टाइप केलंत, म्हणून दिला." सगळ्यांवर कडी केली ती शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी. त्या दारातच म्हणाल्या, "कोटेशन महाग आहे असं माझं स्पष्ट मत होतं. म्हणून तर अंगठा दाखवला तुम्हाला!"

मराठी म्हणून त्यांचं काही चुकलं का, सांग. आपल्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे तोंडाला पानं पुसणं, आणि अंगठेबहाद्दर कोण ते वेगळं सांगायला नको. पण मला त्या दिवशी आठवलं ते भलतंच. नोकरीतली पहिली तीन वर्षं मी तालुक्याच्या शाखेत होतो. सही न येणाऱ्यांचा अंगठा घ्यायचं काम माझ्याकडे. शाईचा निळा पॅड, डाव्या हाताचा अंगठा, खाली लिहायचं कोणाचा ते, आणि शेजारी साक्षीदाराची सही. एक म्हातारी दर महिन्याला यायची. मी तिचा हात धरून अंगठा पॅडवर टेकवायचो, पण कागदाशी आला की ती हात आखडून घ्यायची आणि विचारायची, "सायेब, काय लिवलंय ह्यात?" प्रत्येक वेळी. पैसे काढायची साधी स्लिप असली तरी. मी वाचून दाखवल्यावर मगच अंगठा खाली यायचा. मला तेव्हा तिचा वैताग यायचा, मागे रांग लागलेली असायची. माझ्या तेवीस शिकलेल्या अंगठ्यांपैकी एकानेही ते विचारलं नाही.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती ऐरोलीला आयटीत आहे, तिला असल्या गोष्टींची फार माहिती. म्हणाली, "मामा, तुम्ही कॅनडात असता तर केस जिंकला असता." मला वाटलं चेष्टा करतेय, पण खरंच झालंय तसं. सस्कॅचवान प्रांतातला एक शेतकरी. २०२१ मध्ये व्यापाऱ्याने त्याला जवसाच्या सौद्याच्या कागदाचा फोटो पाठवला आणि पक्कं कर म्हणाला. शेतकऱ्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. पुढे जवसाचा भाव चढला, माल काही गेला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं आमच्या काकूंचंच होतं: कागद मिळाला, एवढाच त्या अंगठ्याचा अर्थ. कोर्टाने २०२३ मध्ये ती सही धरली आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. वरच्या कोर्टानेही पुढच्या वर्षी तेच कायम केलं. कारण याआधीचे सौदे तो गडी अशाच एका शब्दात, "ओके", "हो" म्हणून, पक्के करायचा आणि माल मुकाट पोचवायचा. मी काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तू मला कॅनडाच्या कोर्टात ने."

आता गंमत बघ. या २३ जणांचा पहिला अंगठा कोणाचा होता? आमच्या सौभाग्यवतींचा! मी मेसेज टाकला आणि मिनिटभरात स्वयंपाकघरातून तिने ठोकला. वाचला नव्हता. नंतर म्हणाली, "तुमचा मेसेज अगदी ओकाबोका दिसत होता हो."

भाचीने यावरही एक प्रयोग दाखवला, तो मात्र मला फार लागला. २०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला होता. एका साईटवर लोकांनी लिहिलेली मतं, आणि वाचणाऱ्यांनी त्या मतांना 'वर' किंवा 'खाली' करायचं, असा मामला. संशोधकांनी एक लाखावर मतं घेतली. काहींना ती येताच एक खोटा 'वर' चिकटवून दिला, काहींना खोटा 'खाली', बाकीच्यांना हात लावला नाही. खोटा 'वर' मिळालेल्या मताला पहिल्याच वाचणाऱ्याकडून खरा 'वर' मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटी त्यांचे गुण सरासरी २५ टक्के जास्त भरले. का, तर कोणीतरी आधी 'वर' म्हटलेलं होतं. उलट खोट्या 'खाली'ला लोकांनी येऊन भरपाई करून टाकली. म्हणजे उगाच केलेली निंदा पुसली जाते, उगाच केलेली स्तुती फुगत जाते. माझ्या ठेकेदाराचे पन्नास हजार माझ्या बायकोच्या दयेपोटी गेले, असा याचा हिशेब निघतो. तिला अर्थातच तो मान्य नाही.

आणि ज्यांना नको होतं त्यांनी करायचं काय? व्हॉट्सॲपने मे २०२२ मध्ये मेसेजला चिन्ह चिकटवायची सोय दिली तेव्हा सहा चिन्हं होती, पण खाली वळलेला अंगठा त्यांत नव्हता. यूट्यूबवर खालचा अंगठा आहे, पण २०२१ पासून किती जणांनी दाबला तो आकडा लपवलेला. भाची ज्या साईटवर प्रोग्रामिंगच्या अडचणी विचारते, तिथली रीत मला आवडली. तिथे कोणाचं उत्तर खाली ढकलायचं तर आधी तुझ्या खात्यात १२५ गुण हवेत, आणि ढकललं की तुझा स्वतःचा एक गुण जातो. नाही म्हणायला पदरमोड करावी लागते. आमच्याकडे नाही म्हणणारे गप्प बसले, आणि मी त्यांना 'पाहिलं नसेल' या खात्यात टाकलं. त्यातली खरी मेख ऐक: आलेल्या नऊ चेकांपैकी चार होते अंगठा न देणाऱ्यांचे! त्यांनी कोटेशन वाचलं, चेक लिहिला, पेटीत टाकला. अंगठा द्यायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी सभा घ्यावीच लागली. पार्किंग, खुर्च्या, चहा. तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि २६ जुलैपासून सुरू झाले. विसाव्या मिनिटाला, लोक घड्याळ बघायला लागले तेव्हा, ते सहज म्हणून गेले की त्या रात्री ते गच्चीवर होते, आणि पाणी लादीतून नव्हतंच येत, टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाच्या कडेने झिरपत होतं. दुसऱ्या दिवशी प्लंबरला वर चढवलं. काकांचं खरं निघालं. अख्खी गच्ची उकरायची गरजच नव्हती; काम फ्लॅटमागे साडेसहा हजारांत झालं. एवढी वर्षं त्या भाषणाला मी पहिल्या पाच मिनिटांत टाळ्या वाजवून बसवत होतो रे.

हसू नकोस, मी काही लाईकविरुद्ध मोर्चा काढणार नाही. आईचंच घे. सातारच्या मावशीचे यजमान गेले, तो निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर आला. आईने त्यावर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा लावला. तिला फक्त पाणी दिसलं. दहा मिनिटांत पुण्याहून चुलतभावाचा फोन, "काकूला सांग काढायला." मी सांगायला गेलो तर म्हणाली, "काढून टाकलं तर मी काहीच बोलले नाही असं होईल ना." मी दुसरं चिन्ह दाखवलं, हात जोडलेलं. तिने चष्मा वर करून सगळी चिन्हं नीट बघितली, फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "मावशीला लावून दे." पाऊण तास बोलत होती. आता फेसबुकचं आठव. तिथे फेब्रुवारी २००९ मध्ये लाईक आलं आणि २०१६ पर्यंत तेवढं एकच होतं. सात वर्षं आपण लोकांच्या बापाच्या मरणालाही 'आवडलं' म्हणत होतो, आणि समोरचाही बिचारा समजून घेत होता.

कारण खरं तर तो आहेर असतो. आमच्या लग्नातली आहेराची वही अजून बायकोच्या कपाटात आहे: कोणाचे एकवीस, कोणाचं पातेलं. त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडायची, आणि तेवढंच किंवा थोडं वरचढ परत करायचं. लाईकची वही कोणी लिहीत नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ असते. मागच्या आठवड्यात तलावपाळीवर चक्कर मारताना आपला जुना वर्गबंधू भेटला (कोण ते तू ओळखशील, त्याच्याकडे अजूनही माझी कंपासपेटी आहे). नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलं वाक्य, "नातवाच्या बारशाला दिसला नाहीस फेसबुकवर." बारशाला मी प्रत्यक्ष गेलो होतो! जेवलो होतो!

आता तुझी विहीर.

तो फोटो मी रात्री अकराला बघितला. अंगठा बटणावर गेलाही होता. मग ती म्हातारी आठवली, आणि मी हात आखडून फोटो मोठा करून बघितला. रहाट गेलाय. त्या जागी पंपाचा निळा पाइप. डाव्या बाजूची तिसरी पायरी अजून तिरकीच आहे, जिच्यावरून मी १९७९ च्या मे महिन्यात घसरलो आणि तुझ्या वडिलांनी केसाला धरून वर काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाठीला सुका भोपळा बांधून मला परत आत ढकललं. मला पोहता येतं ते त्या विहिरीमुळे.

पण बाळ्या, पाणी कुठे आहे? आपण भर मे महिन्यात उड्या मारायचो तेव्हा चौथी पायरी ओली असायची. तुझा फोटो फेब्रुवारीचा आहे आणि शेवटच्या पायरीखाली नुसता काळा दगड दिसतोय. तू वर फक्त "आमची विहीर" एवढंच लिहिलंयस. एकशे बारा जणांना ती आवडली. मला ती बघून झोप आली नाही. शेजारच्याने बोअर मारली का? की बागेलाच पाणी जास्त लागतंय? वहिनी प्यायचं पाणी कुठून आणतात? फोनवर विचारणार होतो, तेवढ्यात तू लाईकचं काढलंस आणि ते राहून गेलं.

पत्राने कळव. जमलं तर विहिरीत वरून खाली बघून काढलेला फोटो पाठव, म्हणजे नेमकं समजेल. होळीच्या सुट्टीत मी तीन दिवस येऊ शकतो.

तुझा,
कंपासपेटीवाला

ता. क. हे लिहीत असताना बायकोने माझा फोन घेऊन तुझ्या फोटोला अंगठा दिला. एकशे तेरावा. तो माझा धरू नकोस.