पदकाआधीच्या तिकिटाचे काय?

पदकविजेत्या खेळाडूंना मिळणारा मोफत विमानप्रवास आणि रोख बक्षिसे यांचे कौतुक करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. बक्षिसांना विरोध नाही. नेमबाज स्वप्नील कुसाळेला २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील कांस्यपदकाबद्दल राज्याने कोटीचे बक्षीस जाहीर केले, ते योग्यच. पण ही उदारता पदकानंतरच जागी होते. टोकियो ऑलिम्पिकच्या विजेत्यांना ‘गो फर्स्ट’ या विमान कंपनीने पाच वर्षे मोफत प्रवास देऊ केला होता, मे २०२३ मध्ये त्या कंपनीची उड्डाणेच बंद पडली. असो.

आमच्याकडच्या मुली पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. गेल्या हिवाळ्यात विभागीय स्पर्धेला अमरावतीला जायचे होते, तेव्हा एकीचे वडील म्हणाले, “कापसाचा चुकारा येऊ द्या, मग पाहू.” चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, आला नाही. शेवटी शिक्षकांनी वर्गणी काढली. पोरगी दुसऱ्या मुलीचे एक नंबर मोठे स्पाइक (धावण्याचे खिळ्यांचे बूट) घालून, पुढे बोळा कोंबून धावली आणि चौथी आली. चौथ्या क्रमांकाला काही नसते.

बक्षिसांसाठी ठेवलेल्या निधीतला थोडा वाटा तालुका पातळीवर प्रवासभाडे, बूट आणि खुराकासाठी बाजूला काढावा. विमान राहू द्या, एसटीचे तिकीट वेळेवर मिळाले तरी पुष्कळ.

– एक क्रीडाशिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)